खंडेनवमीचा फ्रीजर

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या तीन खोल्या होत्या आणि त्यांच्यावर ‘संशोधन विभाग’ अशी पितळी पाटी होती. पाटी खोल्यांपेक्षा महाग असावी. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कारखाना काविळीवरचं औषध बनवायचा. पेठ-सुरगाण्याकडून पोत्यांनी भुईआवळा यायचा. तो उकळून, गाळून, गोड करून बाटल्यांत भरला जायचा. खप चांगला होता, पण मालकांना आता शास्त्रही हवं होतं. बाटलीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे दोन शब्द छापायचे होते आणि ते मिळवण्यासाठी मला नोकरीवर घेतलं होतं.

विभागात आम्ही दोघंच. रसायनशास्त्र शिकलेला मी, आणि उंदीर सांभाळणारे मामा. मामा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, शहरातल्या बौद्ध वसाहतीत राहणारे, तीन वर्षं रोजंदारीवर. हा प्रयोग पार पडला की दिवाळीला त्यांना कायम करायचं मालकांनी कबूल केलं होतं. मामा त्याची आठवण कधी थेट काढत नसत. पिंजऱ्यातला भुसा बदलता बदलता म्हणायचे, “दिवाळी यंदा लवकर हाय म्हणतात, सर.”

प्रयोग सांगायला सोपा होता. पांढऱ्या उंदरांना यकृत बिघडवणारं एक रसायन द्यायचं. निम्म्यांना त्याआधी आठ दिवस आमचं औषध पाजायचं, निम्म्यांना नुसतं पाणी. यकृत दुखावलं की त्यातलं एक एन्झाइम रक्तात उतरतं. ते किती उतरलं हे मोजलं की औषधाने यकृत राखलं की नाही ते कळतं. पाजायचं काम मामांचं. डाव्या हातात उंदीर असा धरायचे की त्याला आपण पकडले गेलोय हे उशिरा समजे, आणि बोथट सुई घशातून पोटात जाऊन परतसुद्धा यायची. प्रत्येक पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर पाजल्याची एक रेघ ओढत. मी इतकं नीट काम करणारी माणसं फार पाहिली नाहीत, विद्यापीठात तर नाहीच.

मोजायच्या पद्धती दोन होत्या. पहिलीत एन्झाइमने किती काम केलं ते रंगावरून पाहायचं. दुसरी नवी, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत महिनाभर राहून मी शिकून आलेलो. त्यासाठी सशाला उंदराचं ते एन्झाइम टोचून तयार केलं होतं. सशाच्या रक्तातला द्रव मग ते एन्झाइम बरोबर ओळखायचा. तो द्रव काचेच्या बशीतल्या आगरच्या जेलीसारख्या थरात मिसळायचा, थराला बारीक भोकं पाडायची, भोकात उंदराच्या रक्ताचा थेंब सोडायचा. दोन दिवसांनी थर निळ्या रंगात बुडवला की प्रत्येक भोकाभोवती एक कडं उमटे. कडं जितकं मोठं, तितकं एन्झाइम जास्त. दोन पद्धतींतला फरक मालकांना समजावताना मी मालेगावच्या मागांचं उदाहरण दिलं होतं. पहिली पद्धत किती कापड निघालं त्यावरून विणकर मोजते. दुसरी विणकरच मोजते, मग ते मागावर असोत की भिंतीला टेकून झोपलेले. मालकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या पद्धतीचं नाव लांब असल्याने ती माहितीपत्रकात घालायला सांगितली.

प्रयोग संपला तो खंडेनवमीच्या दोन दिवस आधी. दुसऱ्या दिवशी मी पाणी पाजलेल्या उंदरांचे नमुने पहिल्या पद्धतीने तपासले. औषधवाल्यांना वेळ उरला नाही. सगळ्या नळ्या पेटीसारख्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. त्याच संध्याकाळी मामा धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरच्या गाडीला गेले.

खंडेनवमीला मालकांचं फर्मान आलं, सगळ्या यंत्रांना विश्रांती. बाटल्या भरायचं यंत्र, बॉयलर, माझा तराजू, आणि फ्रीजर. मी म्हणालो, “साहेब, आत नमुने आहेत.”

“तासाभराचा तर प्रश्न आहे. देवापुढे मशीन घरघरत ठेवणार का?”

अशा गोष्टींवर मनातल्या मनात हसायची मला सवय होती. तेव्हाही हसलो, आणि हसता हसता प्लग माझ्याच हाताने काढला. वाद घालण्याएवढं ते मोठं वाटलं नाही. फ्रीजरच्या झाकणावर हळदकुंकू आणि झेंडूचा जाडजूड हार चढला. गल्लीतले अकरा कारखाने उरकून गुरुजी दोन तास उशिरा आले. आरती झाली, पेढे झाले, लोक घरी गेले, आणि मीही गेलो. प्लग जमिनीवर राहिला.

दसऱ्याला सुट्टी होती, नंतर रविवार. सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. झाकण उघडलं तर आत कोमट वास आणि तळाला पाणी. नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई पसरली होती. मी प्लग लावला, पाणी पुसलं, आणि चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य आलं.

मग औषधवाल्या उंदरांचे नमुने तपासले. एन्झाइम अगदी कमी. आदल्या आठवड्यात तपासलेल्या पाणीवाल्यांच्या मानाने चौथाई. ते एन्झाइम उष्णतेत मरतं हे मला माहीत होतं. पण औषध उपयोगी पडलंही असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि आकडे मालकांकडे नेले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. चार दिवसांत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ बाटलीच्या समारंभाच्या पत्रिका छापायला गेल्या.

कडी उमटली ती त्यानंतरच्या आठवड्यात. बशी निळ्या रंगातून काढून उजेडात धरली, तर औषधवाल्यांची आणि पाणीवाल्यांची कडी सारखीच. मी तीनदा मोजली. सशाच्या द्रवाला एन्झाइम जिवंत आहे की मेलेलं याच्याशी कर्तव्य नव्हतं. यकृतं दोन्हीकडची सारखीच बिघडली होती. औषधाने काही केलं नव्हतं. जे केलं ते बंद फ्रीजरने.

मी मालकांना कडी दाखवली, फ्रीजरबद्दल बोललो नाही. त्यांनी बशी थोडा वेळ पाहिली आणि मामांना बोलावून घेतलं.

“औषध पाजलंस का तू उंदरांना?”

“रोज पाजलं, साहेब.”

“मग ही कडी काय सांगतात? नागपूरला जायची घाई होती, दिलं असशील ओतून मोरीत.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे. मालक म्हणाले, औषध पाजण्यात कसूर झाली असं लिहून दे, कामावरून काढत नाही. कायम व्हायचं मात्र आता विसर.

“रोजंदारीवर राहीन, साहेब,” मामा म्हणाले. “पण लिहून नाय देणार.”

त्यांच्या मागोमाग मी उंदीरखान्यात गेलो. ते पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या काढून ओळीने मांडत होते. प्रत्येकीवर आठ रेघा.

“मामा, फ्रीजर तीन दिवस बंद होता,” मी म्हणालो. “मी बंद केला. परत लावायला विसरलो. पहिले आकडे खोटे आहेत.”

ते चिठ्ठ्या मांडत राहिले. मग म्हणाले, “हे आत साहेबांपुढं बोलला असता तर बरं झालं असतं, सर.”

“आता जाऊन सांगतो.”

“जा. मी इथंच हाय.”

मी सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, पण फ्रीजर बंद असला म्हणून कडी मोठी कशी होतील, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. कडी खरीच आहेत आणि पहिले आकडे लहान झाले, हे मी चार प्रकारे समजावलं. पूजेमुळे प्रयोग फसला हे त्यांना मान्य होणार नव्हतं. अखेर पुन्हा प्रयोग करायचं ठरलं, या वेळी पाजताना हिशेबनीस समोर बसून रोज सही करणार. ते आठही दिवस खुर्चीत बसले, सुई घशात जायच्या वेळी डोळे मिटून. नवे चोवीस उंदीर गेले. मी त्या सोमवारी बोललो असतो तर ते जगले असते असं नाही, पण कदाचित दुसऱ्या एखाद्या कामी आले असते.

या वेळी दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच आलं. औषध पाजलेले आणि न पाजलेले यांत फरक नाही.

मामांवरचा ठपका गेला. त्याच आठवड्यात मालकांनी उंदीरखाना महिनाअखेर बंद करायचं ठरवलं. समारंभ झाला नाही. बाटलीवर ‘परंपरेने सिद्ध’ असं छापलं गेलं, त्यासाठी कोणालाही पिंजऱ्यात ठेवावं लागलं नाही. उंदरांविना मामांना कारखान्यात काम नव्हतं. दिवाळी त्याआधीच होऊन गेली होती.

शेवटच्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले. अहवालाची एक प्रत हवी होती.

“कशाला, मामा?”

“दुसरीकडं इचारतील ना, तिथून का निघाला. कागद असलेला बरा. त्यात काय लिवलंय ते वाचून दाखवा.”

अहवाल इंग्रजीत होता. मी ओळीओळीने मराठीत सांगत गेलो. औषध सर्व दिवस नेमून दिल्याप्रमाणे पाजण्यात आले, या वाक्यापाशी त्यांनी मान हलवली. पुढे मी वाचलं, “पहिल्या वेळचे नमुने वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे निकामी झाले.”

“वीज गेलती?”

मी पुढची ओळ शोधू लागलो.

“खंडेनवमीला वीज नव्हती गेली,” ते म्हणाले. “म्हणजे मी नव्हतो, पण तुम्हीच सांगितलं तसं. माझं नीट लिवलंत, ते चांगलं झालं. तुमचं बी नीट लिवा.”

आवाजात राग नव्हता. पिंजऱ्याची कडी नीट बसली नाही तर ते असंच सांगत. वर्षभर मी या माणसासमोर मालकांच्या पाटीची, पत्रिकांची, गुरुजींच्या अकरा पूजांची टिंगल केली होती आणि ते हसले होते. हे वाक्य टाइप करताना माझा हात अडला नव्हता. उलट ते भारदस्त वाटलं होतं.

मी मशीनवर नवा कागद चढवला. फ्रीजर मी बंद केला, पुन्हा सुरू करायचं राहून गेलं, आणि नमुने वितळल्याचं माहीत असताना मी ते तपासले, अशी तीन वाक्यं झाली. कार्बनची प्रत धूसर आली, तेव्हा ती फाडून पुन्हा टाइप केली. मामा स्टुलावर बसून होते. त्यांनी घाई केली नाही, आणि मी सही करेपर्यंत उठलेही नाहीत.