तेलाच्या कुपीची किंमत

जुन्या बाजारात रविवारी एक माणूस बसायचा. जुन्या लष्करी रायफलींची आणि त्यांच्या सामानाची किंमत तो बघून सांगायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

मुलाला आयटीत नोकरी लागली, त्यानं हिंजवडीकडं फ्लॅट घेतला आणि मला म्हणाला, "बाबा, तिकडं भंगार आणू नका." सासऱ्यांनी त्यांची जुनी लष्करी रायफल हयातीतच सरकारजमा केली होती. तिला तेल द्यायची पितळी कुपी तेवढी आमच्याकडं राहिली होती. ती विकायला मी बाजारातल्या त्या माणसाकडं गेलो.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, कुपीचा वास घेतला आणि बुडावरून अंगठा फिरवला.

"शिक्का कुठं गेला? किंमत शिक्क्याची असते. घासली कुणी?"

"बायकोनं. दर दसऱ्याला, पूजेआधी, चिंचेनं."

"वाटोळं केलं."

"तुम्हाला विचारून घासायला हवी होती."

तो हसला नाही. कुपीवरच्या काळ्या डागावर नख फिरवत हळू म्हणाला, "दोन दसरे घासलेली नाही."

बायको जाऊन दोन वर्षं झालीत, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"अशीच काळी पडू द्या, आजोबा. दहा वर्षांनी थोडाफार भाव येईल."

"आणि घासली तर?"

"मग कुणी घेणार नाही."

"मग घासतो," म्हणालो आणि कुपी खिशात टाकली.