झाकणाच्या आतली खूण

आई लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची आणि बाबा नागभीडच्या बाजारात एका कापड दुकानाच्या ओट्यावर काचेची पेटी मांडून घड्याळं दुरुस्त करायचे. तो ओटा गेला तर बसायचं कुठं, ही आमच्या घरची रोजची भीती.

काम झालं की बाबा घड्याळाच्या झाकणाच्या आत सुईनं बारीक खूण करत. कारागिरांची रीतच ती. घड्याळ कोणाच्या हातून गेलं, ते कळतं.

एकदा एक मोठा शेतवाला ओरडतच आला. बाबांनी साफ करून दिलेलं त्याचं लग्नातलं घड्याळ बंद पडलं होतं.

"असली पुर्जा काढून घेतला यानं! या लोकाइले ओट्यावर बसवता काऊन, शेठ?"

"भाऊ, तुमच्यासमोर खोलतो. पाहून घ्या," बाबा म्हणाले.

"आता तुह्या हातात देतो का मी?"

दुकानाचे शेठ एवढंच म्हणाले, "उद्यापासून दुसरी जागा पाहा."

शेतवाल्यानं ते घड्याळ चंद्रपूरच्या कारागिराकडे नेलं. पुर्जे सगळे जागच्या जागी होते. आत चिखलाचं पाणी होतं. मजुरांवर रुबाब दाखवायला महाशय घड्याळ घालूनच रोवणीत उतरले होते! बाबा सामान आणायला चंद्रपूरला गेले, तेव्हा झाकणातली खूण ओळखलेल्या त्या कारागिरानंच हे सांगितलं. शेतवाला कधी बोलला नाही. ओट्यावर तोवर मोबाईलची कव्हरं टांगली होती.

बाबा घरीच बसू लागले. आमच्या मोहल्ल्यात बाजारातलं गिऱ्हाईक फिरकलं नाही. कॉलेजातून आले की मी पेटीसमोर बसायची. केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरायला त्यांनीच शिकवलं. घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. पुढं बाजारात गाळा घेतला, तो पाहायला बाबा राहिले नव्हते.

"इतकी शिकून घड्याळंच खोलून राह्यली का, बाई?" लोक विचारत.

"हो. तुमचं बंद आहे का?"

मागच्या पावसाळ्यात तोच शेतवाला आला, तेच घड्याळ घेऊन. मला त्यानं ओळखलं नाही.

"बसा भाऊ. तुमच्यासमोर खोलते."

"काही गरज नाई. विश्वास आहे ना तुमच्यावर."

तरी त्याच्या डोळ्यांसमोरच झाकण काढलं आणि आतली खूण दाखवली. "ही माझ्या बाबांची. ओट्यावर बसायचे ते."

त्यानं नजर भिंतीकडे वळवली. मग म्हणाला, "किती वेळ लागंल?"

मी घड्याळ चालू करून दिलं. बाबांच्या खुणेखाली माझी खूण केली.

त्याच बाजारात आज माझा स्वतःचा गाळा आहे आणि बोर्डावर आमचं आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे.