चार गुरुवार

तीनशे भागिले दहा, तीस. झालं माझं वेळापत्रक! नवा पंप तीनशे तास चालवून बघायचा, रोज दहा तास, आणि दर तासाला दाब नि तापमान लिहायचं. साहेबांनी मीटिंगमध्ये तारीख विचारली आणि मी तिथल्या तिथे सांगून टाकली. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली, टेस्टिंग विभागाची प्रमुख, तोरा काय विचारता!

तक्ता भिंतीवर लावला तेव्हा आमचे सुभेदार त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. फौजेतून निवृत्त झालेले, पाटणकडचे. पंप चालवणं, रीडिंग लिहिणं त्यांच्याकडे. त्यांच्याकडे बघून घड्याळ लावावं असा माणूस.

"म्याडम, ह्यात गुरुवार बी धरलाय व्हय?"

मी फोनवर होते. मान वर न करता म्हणाले, "बघू नंतर. तारीख हलता कामा नये, तेवढं सांभाळा." आणि विसरून गेले.

बरोबर तिसाव्या दिवशी रीडिंगच्या कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर. साहेबांनी पेढे मागवले. मी पेढा खात सह्या करत होते, तेवढ्यात एका कागदावर पेन थांबलं. वार गुरुवार. अहो, गुरुवारी आमच्या औद्योगिक वसाहतीत वीजच नसते! म्हणून तर आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मी कडेगावला आईकडे केस धुऊन उन्हात बसले होते. आणि इथे सकाळी आठपासून दहा ओळी, सुबक अक्षरात, खाली सुभेदारांची सही. भराभरा कागद उलटले. असे चार गुरुवार. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला फाडून खाल्लं असतं मी. पण सुभेदार?

बोलावलं. येऊन ताठ उभे राहिले.

"बंद पंपाचं रीडिंग तुम्ही लिहिलंत?"

"व्हय. तारीख हलवायची न्हाई म्हणला हुता तुमी. हुकूम मोडायची सवय न्हाई मला. लय वंगाळ वाटलं, पर लिवलं."

संताप तर आला होता, पण तो कुणावर काढायचा? तशीच उठून साहेबांकडे गेले. चाळीस तास पंप चाललाच नाही, चूक माझ्या वेळापत्रकाची, असं सांगून टाकलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. साहेबांनी आठ्या घातल्या, गिऱ्हाइकाला फोन लावला, "चार दिवस जास्त लागतील," म्हणाले. पलीकडून आवाज आला, "चालतंय की." एवढंच! दोन मिनिटंही लागली नाहीत. तारीख सांगताना जे चार दिवस मागायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, ते नुसतं मागितल्यावर मिळाले होते.

उरलेले चाळीस तास सुभेदारांनीच चालवले. साहेब त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. तरी पाचव्या दिवशी त्यांचा राजीनामा माझ्या टेबलावर होता.

पुढच्या टेस्टचा तक्ता घेऊन मी पाटणला त्यांच्या घरी गेले. सगळे गुरुवार तांबड्या शाईनं खोडले होते. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"बेस हाय," ते म्हणाले. "पर मी न्हाई येणार. सगळ्या नोकरीत एक खोटी ओळ लिवली नव्हती, म्याडम. मी इचारलं तवा नुसती मान वर केली असती तुमी, तरी भागलं असतं."