न फोडलेली सुई

माझी धाकटी बहीण गर्द घ्यायची. आधी ओढायची, मग टोचून घ्यायला लागली. हे मी आता कुणालाही सरळ सांगते. आईने आयुष्यभर "तिला जरा बरं नसतं" म्हणत झाकलं, त्याने काय साधलं?

चारकोपला माझं पोळीभाजीचं दुकान आहे. तिथे एका संस्थेतली बाई बहिणीसाठी यायची. वापरलेल्या सुया डब्यात घालून न्यायची, नव्या देऊन जायची. पहिल्यांदा मी लाटणं उगारलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, व्यसन सुटेल तेव्हा सुटेल. तोवर एचआयव्ही तरी लागू नये ना हिला." दुसरीची सुई वापरायची नाही, एवढंच तिचं सांगणं. बहिणीने माझ्या कानातले विकले, आईची भांडी विकली, पण हे एक तिने पाळलं.

मग एका दुपारी नाक्यावरून पोलिसांनी तिला उचललं. मी पिठाच्या हातांनीच चौकीत धावले. टेबलावर तिची पर्स उपडी केलेली होती आणि शेजारी एक सुई, अजून कागदात बंद.

"साहेब, ही फोडलेलीसुद्धा नाही हो."

"मग काय ओवाळू तिला? गर्दुल्लीकडे सुई सापडली, पुरावा झाला."

सुई पाकिटात गेली, वर लाखेचं सील बसलं. गर्द विकणारा मात्र त्याच नाक्यावर पानाच्या गादीमागे निवांत बसून होता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आत तिला टर्की लागली. गर्द मिळालं नाही की अंग पिळवटतं, उलट्या थांबत नाहीत, त्याला त्यांच्यात टर्की म्हणतात. डॉक्टर बोलवा म्हणून मी गळा काढला. "नाटकं आहेत," म्हणाले. तिथून तिला तुरुंगात नेलं. जामिनावर सुटून आली तेव्हा तिचा पंजाबी ड्रेस अंगावर लोंबत होता.

काही दिवसांत ती पुन्हा टोचायला लागली. संस्थेतली बाई नव्या सुया घेऊन आली, तर बहिणीने हात पाठीमागे घेतले.

"नको. सापडली की परत आत."

"मग टोचतेस कशाने?" मी विचारलं.

तिने बाही खाली ओढली. नाक्यावरच्या मैत्रिणीच्या सुईने, दुसरं काय!

मी तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "ताय, रोगाने उद्या मरेन गं. आत टाकलं तर आजच मरते ना मी."

संस्थेच्या पुढच्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला. नातेवाईक म्हणाले, कर्माची फळं. कुणाच्या कर्माची, ते विचारायला मला चौकीतच जायला हवं होतं.

मग कोर्टाची तारीख आली. बहीण माझ्याशेजारी औषधांची पिशवी पोटाशी धरून उभी होती. हवालदाराने ते पाकीट पुढे ठेवलं. लाख जशीच्या तशी होती. "मुद्देमालाला कुणी हात लावलेला नाही, साहेब," तो छाती पुढे काढून म्हणाला.

माझा तोल सुटला. "हिला लावू दिला असता हात," मी भर कोर्टात ओरडले, "तर आज ही धडधाकट असती!"

शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. सुई आत सुरक्षित राहिली.