फळ्यावरचा अंक

आमच्या साप्ताहिकाला लग्नपत्रिकांनी जगवलं. सासऱ्यांनी बसस्टँडसमोर पायानं चालवायचं छपाईयंत्र मांडलं ते पत्रिका छापायला. त्या कमाईतून चार पानांचा अंक निघायचा. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी लग्नं पुढं ढकलली, आणि नगरहून कागद आणायची आमची ऐपत राहिली नाही.

पण अंक चुकवायचा नाही, हा ह्यांचा हट्ट. मग मी माझ्या शाळेतला एक जुना फळा मागून आणला, स्टँडच्या भिंतीला टांगला आणि बातम्या खडूनं लिहू लागले. संपादक हे, पण ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नसे, म्हणून हात माझा. वर्गणी मागितली की खिसे चाचपणारे आता फुकटात वाचायला गर्दी करू लागले.

एके सकाळी बौद्धवस्तीतली, खडी फोडायच्या कामावर जाणारी एक जण फळ्यापाशी थांबली.

"बाई, टँकर आला म्हून लिवलंय तुमी. आमच्याकडं कुटं आला? गावच्या हिरीत वतला अन् गेला. आमाला त्या हिरीवर कोन चढू देतंय?"

मी तिथंच लिहिलं, 'बौद्धवस्तीवर टँकर जात नाही.' दुपारी शाळेतून परतले तर तेवढीच ओळ पुसलेली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. कोण पुसतं ते अख्ख्या गावाला माहीत होतं, ह्यांनाही.

"आपल्याला याच गावात राहायचंय," हे म्हणाले. "आता बास कर."

"आणि त्यांनी कुठं राहायचं?"

ह्यांचा इतका राग आला होता की रात्री ह्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मी शाळेच्या वह्या तपासायला बसले.

त्या साली पोळा फिकाच गेला होता. बैल चारा छावणीत, त्यामुळं शिंगांना लावायचा तांबडा ऑइलपेंट वाण्याकडं पडून होता. सकाळी फळ्याजवळ गेले, तर तो डबा आणि ब्रश घेऊन हे माझी वाट बघत उभे.

"अक्षर तुझंच पाहिजे," म्हणाले. "माझं लागलं नाही म्हणून सुटतील लेकाचे."

मी ती ओळ फळ्याच्या माथ्यावर रंगवली. ती ना फडक्याला दाद देईना, ना रॉकेलला. पुढं नगरहून दुष्काळाची पाहणी करायला साहेब आले, त्यांनी गाडीतून उतरता उतरता ती वाचली. त्याच आठवड्यात टँकर वस्तीवर गेला.

आता आमची बातमी खोटी ठरली. खोटं ठेवायचं नाही म्हणून हे फळा काळा करायला निघाले, तर तीच बाई आडवी आली.

"ऱ्हाऊ द्या की, भाऊ. खाली खडूनं लिवा, आता येतो म्हून. ज्या दिशी येनार न्हाई, त्या दिशी मीच पुशीन."

तसंच लिहिलं. पाऊसकाळ लागेपर्यंत कामावर जाताना ती रोज फळ्यावर नजर टाकायची. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि धास्तीही.

तिनं खडूच्या ओळीला एकदाच पदर लावला. दुपारच्या आत टँकर वस्तीवर हजर होता.