४१४१ मध्ये कोण बसलंय?

नंबरवाल्या चाचांना आकडे दिसत नसत. नजर उत्तम होती, रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्याच्या शर्टाला किती गुंड्या आहेत ते सांगायचे. पण गाडीचा नंबर समोर आला की त्यांना आकड्यांऐवजी माणसं दिसायची. लातूरला औसा रोडवर, पंक्चरच्या दुकानाला चिकटून त्यांची नंबरप्लेट रंगवायची टपरी होती. गिऱ्हाइकानं नंबर सांगितला की चाचा ब्रश कानावर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "थांबा, आत कोण बसलंय बघू."

आत कोणी ना कोणी असायचंच. २१४ मध्ये राम असतो आणि इंग्रजी 8055 मध्ये बॉस, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चाचा त्याच्या फार पुढचे. एकदा शिरूर अनंतपाळचा एक उमेदवार पुढारी चार साते घेऊन आला. सगळ्यांना हेवा वाटावा असा नंबर. चाचांनी तो उभा धरला, आडवा धरला आणि हळहळून म्हणाले, "साहेब, लई वाईट वाटतं, पण यात माणूस न्हाई. चार काठ्या हायेत नुसत्या." पुढाऱ्याचा चेहरा पडला. मग चाचांनी त्या चार काठ्या अशा काही ऐटीत काढल्या, की मागून पाहणाऱ्याला वाटावं, गाडीमागं चार चोपदार पळताहेत. पुढारी जो खूश झाला, तो पुढच्या गाडीलाही चार सातेच घेऊन आला.

माझ्या मोटारसायकलला ४१४१ नंबर मिळाला तेव्हा मी छाती फुगवून टपरीवर गेलो. या नंबरात 'दादा' असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी शाळेत मास्तर, गणेश मंडळात निवेदक. दादा व्हायची हौस जुनी. चाचांनी विचारलं, "मास्तर, इंग्रजीत काढू का मराठीत?" मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मी बाणेदारपणे म्हणालो, "मराठीतच."

संध्याकाळी गाडी न्यायला गेलो, तर प्लेटवर लफ्फेदार अक्षरात 'मामा'.

"चाचा, हे काय?"

"इंग्रजी चार म्हंजे द, मराठी चार म्हंजे म. तुम्हीच म्हणले मराठीत. आता मामा आत बसून राहिला, त्याला मी कसा उठवू?"

शाळेत पोरं मला मामा म्हणू लागली. इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे वाहतुकीच्या हवालदारालाही मामाच म्हणतात. चौकात खऱ्या मामांनी मला अडवलं, प्लेट वाचली आणि शांतपणे विचारलं, "मला चिडवून राहिला का?" मी चाचांना बोलावून आणलं. चाचांनी चार म्हणजे म कसा, ते हवालदारांना पानटपरीच्या फळीवर खडूनं काढून दाखवलं. हवालदारांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, पावती फाडली, माझ्या हातात दिली आणि मग आवाज खाली घेऊन चाचांना स्वतःच्या गाडीचा नंबर सांगितला. "यात काही निघतंय का, बघा की."

मग तो हुकूम आला. जुन्या गाड्यांनाही आता सरकारी, मशीनवर ठोकलेली, चकाकणारी नंबरप्लेट. सगळ्यांना एकच अक्षर, एकच आकडा, तोही इंग्रजी. हातानं काढलेलं काही चालणार नाही. म्हणजे चाचांची टपरी बंद. पण नक्की कधी बंद, ते कुणालाच कळेना. मुदत संपायची, वाढायची, पुन्हा संपायची, पुन्हा वाढायची. वाढली की गिऱ्हाईक परत यायचं, संपली की पळायचं. चाचा रोज सकाळी शटर अर्धं उघडायचे आणि मला विचारायचे, "मास्तर, आज मी चालू हाय का बंद?"

एक दिवस मी पूर्ण नियम शोधून वाचला. त्यात निघालं भलतंच. जुन्या नियमातही चाचांची कला बसत नव्हती. मी ते त्यांना समजावून सांगितलं. ते ब्रश धुवायचे थांबले.

"म्हंजे मी इतकी वर्षं गुन्हाच करून राहिलो? मला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

"चाचा, हवालदार दर आठवड्याला येऊन सांगत होते की."

"ते सांगायला यायचे?" चाचा खरोखर चकित झाले. "मला वाटलं, वाचायला येतात."

एका मुदतीला चाचांनी शटर उघडलंच नाही. थोरला मुलगा नांदेडला होता, त्यानं बोलावून घेतलं. योगायोग असा, की वेबसाइटनं माझ्या लातूरच्या गाडीला प्लेट बसवायची जागा दिली तीही नांदेडची. का, ते विचारू नका. माझ्या साडूला माहूरची मिळाली. रेणुकामातेचं दर्शन घडणार म्हणून मेव्हणी सरकारवर बेहद्द खूश. मी चाचांना म्हणालो, "चला माझ्याच गाडीवर." ब्रशांची पिशवी पोटाशी धरून ते मागं बसले. वाटेत पुढं गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर ते मोठ्यानं वाचत होते, आणि नव्या प्लेटची गाडी गेली की गप्प होत होते.

केंद्राच्या दारात उतरवलेल्या जुन्या प्लेटांचा ढीग पडला होता. चाचा त्याच्यापुढे उकिडवे बसले. "हा राम आपला न्हाई, नांदेडचा हात हाय. हा बॉस माझा." एकेकाला पुसून ते बाजूला ठेवत होते. तेवढ्यात माझा मामा उतरला आणि नवी प्लेट चढली. चाचांनी ती मान वाकडी करून पाहिली, डोळे मिटले, उघडले.

"मास्तर, इंग्रजीत हाय," ते म्हणाले. "तुम्हाला शेवटी सरकारनंच दादा केलं."

आम्ही दोघं इतके हसलो की काउंटरवरची बाई उठून बाहेर आली. चाचांनी तिच्याकडे माझा मामा मागितला. जुनी प्लेट परत द्यायची की मोडायची, यावर ती आणि तिचा साहेब यांची दोन मतं निघाली. वाद रंगला. तो मिटायच्या आत चाचांनी मामाला पिशवीत घातलं आणि न्यायला आलेल्या मुलाच्या रिक्षात बसून ते निघून गेले. निरोपाचं वाक्य मी गाडीवर पाठ करून आलो होतो, ते तसंच राहिलं.

परवा त्यांचा फोन आला. सिलिंडर येणार होता, मोबाइलवर त्याचा ओटीपी आला होता.

"मास्तर, सगळे म्हणतात ओटीपी कुणाला सांगू नका. आकडा मी न्हाई सांगत. पण आत कोण बसलंय तेवढं सांगितलं तर चालतं का कायद्यात?"

नियम मला ठाऊक नव्हता. मी म्हणालो, "सांगा."

"मामा बसलाय," चाचा म्हणाले.

मोबाइलवरचे आकडे तर इंग्रजी असतात. तो खरंच ओटीपी होता, की त्यांना माझी आठवण आली होती, हे मला अजून कळलेलं नाही.