नाडी मोजणारं घड्याळ

जाळं शिवायला बसलं की हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. म्हणून थळच्या बंदरावरच्या आमच्या शेडमध्ये किस्से मासळीसारखे साठतात, फक्त त्यांचा लिलाव होत नाही. त्यात दवाखान्याने आम्हा म्हाताऱ्यांच्या मनगटांवर नाडी मोजणारी घड्याळं बांधली. आकडे मोबाइलमधून सिस्टरला दिसतात, लेकीसुनांनाही. मग काय विचारता!

०००

थोड्या दिवसांनी सिस्टरचा फोन आला. "नाना, गावात सगळ्यांत जास्त तुम्ही चालता. बाकीच्यांना सांगा की जरा."

मी गुडघ्यांचा माणूस. सकाळी खांबाला टेकतो तो संध्याकाळीच उठतो. पण जाळं शिवताना उजवा हात सारखा पुढं-मागं होतो, आणि घड्याळ त्याच हाताला. ते टाक्याटाक्याला पाऊल मोजत होतं.

माझा लहानपणापासूनचा सोबती जनू शेजारीच होता. म्हणाला, "सांगू नको. असाच शिवत रहा, मुंबई गाठशील."

०००

आमच्या घरी दाब मोजायचं यंत्रही दिलंय, मंडळीसाठी. सुकट खाल्ली की दुसऱ्या दिवशी सिस्टर विचारणार, "मावशी, खारं खाल्लंत ना?" हिची खात्री पटली, यंत्राला वास येतो. तेव्हापासून सुकट भाजायच्या दिवशी ती यंत्र उचलून शेजारणीच्या घरी ठेवते.

एकदा सिस्टरने विचारलं, दोन दिवस आकडाच नाही, यंत्र कुठंय?

ही शांतपणे म्हणाली, "माहेरी गेलंय."

०००

दामू म्हणजे रमीतला दगड. हातात काय पानं आहेत, चेहऱ्यावरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. घड्याळ आलं आणि सगळं उघडं पडलं. चांगलं पान आलं की आकडा उड्या मारायचा. आम्ही त्याचं तोंड बघायचं सोडलं, मनगट बघायला लागलो. बिचारा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून खेळायला लागला.

सिस्टरनेही हटकलं, रोज दुपारी नाडी एवढी का पळते? दामू म्हणाला, देवाचं नाव घेतो.

"मग जरा हळू घ्या," सिस्टर म्हणाल्या.

०००

जनूचं मात्र वेगळं होतं. त्याची लेक सुगंधा पनवेलला असते. तिनं बजावलं होतं, घड्याळात ठोके बिघडलेले दिसले की होडी विकायची आणि माझ्याकडं राहायला यायचं. जनू घाबरला. पनवेलला दर्या कुठाय?

मग त्यानं तोड काढली. पहाटे होडी ढकलायच्या आधी घड्याळ आणि मोबाइल माझ्या हवाली. मी माझं घड्याळ काढून खिशात ठेवायचो, त्याचं बांधायचो. तो लाटांवर, त्याची नाडी माझ्या हातावर. सुगंधा खूश होती, बाबा आता दिवसभर चालतात म्हणून.

एका सकाळी जनूचा मोबाइल वाजला. सिस्टर होत्या.

"जनूकाका, तुमचे ठोके चुकतायत. हलू नका, गाडी पाठवते."

मला घाम फुटला होता, धापही लागली होती. पण खरं बोललो तर जनूची होडी गेली. मी आवाज त्याच्यासारखा जाड केला आणि म्हणालो, "मी बरा हाय. गाडीबिडी नको." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात जनू टोपली घेऊन वर आला. मोबाइल पुन्हा वाजला. आता सुगंधा. मी जनूला हातानं खुणावलं, काही बोलू नको. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, टोपली तिथंच टाकली आणि फोन ओढून घेतला.

"सुगंधा, ते ठोके माझे न्हाय गं, नानाचे हायेत. घड्याळ त्याच्या हातात हाय. गाडी धाडायला सांग, आत्ताच्या आत्ता."

पलीकडून लेकीचा आवाज आला, मलाही ऐकू आला.

"बाबा, मग इतके दिवस तुमची नाडी कुठं होती?"

जनूनं माझ्या पाठीला हाताचा टेका दिला आणि म्हणाला,

"दर्यावर. तिथं बरी चालते."